रामरतीचा डबा

लश्करातल्या आमच्या इस्पितळाच्या मागे,
जिथे बॉयलरची वाफ डिसेंबरच्या धुक्यात मिसळून
कोणती कुठली ते कळेनासं होतं,
तिथे रामरती चादरी धुते. एकोणीस वर्षं.

घड्यांमध्ये जे सापडेल ते ती बिस्किटांच्या डब्यात टाकते
आणि शनिवारी वॉर्डावॉर्डात परत करत फिरते :
कुणाची वरच्या दातांची कवळी,
थर्मामीटर, तावीज,
चांदीचं एक जोडवं, ज्याला कधीच मालकीण मिळाली नाही.

त्या शनिवारी मी रात्रपाळीला आले
तर तिने माझ्यापुढे गजकच्या कागदाची पुडी ठेवली.
"ये भी तुम्हारे ही वार्ड की है, बिन्ना."
आत सुई. हिरव्या बुडाची.
आणि तिच्या अंगठ्याला हळदीची चिंधी.

कधी लागली?
परवा. सकाळी सातला, पहिल्याच गाठोड्यात.
मी बोटांवर तास मोजले.
बहात्तरच्या आत गोळी पोटात जायला हवी,
नव्या मुलींना हे मीच शिकवते,
लाल खडूने, खाली दोन रेघा मारून.
धुलाईची माणसं त्या वर्गाला नसतात. ती ठेक्यावरची.

एकसष्ट झाले होते.

फॉर्मवर एक रकाना होता : सुई कुणाला टोचलेली.
मी लिहिलं, अज्ञात.
माझं अक्षर सुरेख आहे. शाळेत बक्षीस होतं त्याला.

बुधवारची रात्र, तीन वाजून दहा.
अकरा नंबरच्या मुलीला झटके येत होते,
तिची आई पाय धरून बसलेली,
बत्तीस खाटा आणि मी एकटी.
सुई कापायचं यंत्र पावसाळ्यापासून बंद.
टोचऱ्या कचऱ्याचा पांढरा डबा मागणीपत्रात,
मागणीपत्र टेबलावर,
टेबल रजेवर.
हात मोकळा हवा होता, म्हणून सुई क्षणभर चादरीवर ठेवली.
मग मुलगी शांत झाली.
ओली चादर मीच ओढून काढली, मीच गाठ मारली,
आणि कुणीतरी माझ्या हातात चहा दिला.
त्यात आलं होतं. ते मात्र लख्ख आठवतं.

अठ्ठावीस दिवस, रोज एक गोळी.
ड्यूटी संपली की मी मागे जायचे.
ती गोळी गिळायची, वर गजकचा तुकडा,
आणि मळमळलं की भिंतीला टेकून
ठेकेदाराला ठेवणीतल्या शिव्या द्यायची.
मला एकही नाही.
रोज मी सांगायला तोंड उघडलं
आणि थंडीबद्दल बोलले.

आणखी एक, जे मी तिला अजून सांगितलेलं नाही :
त्या शनिवारी अकरा नंबर वॉर्डातच होती.
तिचं रक्त तपासलं असतं तर
कदाचित पुढच्या सत्तावीस गोळ्या वाचल्या असत्या.
सोमवारी तिला भिंडला घेऊन गेले.

शेवटच्या दिवशी म्हणाले, रामरती, ती सुई माझी होती.
ती चादर उलगडत होती, आता चिमट्याने उलगडते,
घरून आणलेल्या, पोळ्यांच्या.
कोपरा उचलून तिने मला दाखवला :
वॉर्डाचा आकडा, खाटेचा आकडा, न धुतल्या जाणाऱ्या शाईत.
"पढ़ना नहीं आता. गिनती आती है."
आणि पुढची चादर घेतली.

मी रजिस्टर काढलं.
'अज्ञात'वर आडवी रेघ, वर खाट अकरा,
खाली सही : शलाका शितोळे.
मेट्रन म्हणाल्या, सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही.

तिची पुढची तपासणी मार्चमध्ये.
पांढरा डबा आलेला नाही.
तोवर रामरतीने तिचा बिस्किटांचा डबा
माझ्या ट्रॉलीवर आणून ठेवलाय,
झाकणाला खिळ्याने भोक पाडून, सुईपुरतं.
तळाशी ते जोडवं तसंच राहिलंय.
रात्री ट्रॉली ढकलली की वाजतं.